कोनी पाह्यलं?

राहुरीहून फोन आला की आमच्या दैनिकाच्या नगरच्या डेस्कवर सगळे एकमेकांकडे बघायचे आणि शेवटी रिसीव्हर माझ्याच हातात यायचा. पलीकडून 'हॅलो' वगैरे काही नाही. थेट "काय रे डेस्क, जेवला का?" मी जेवलोय की नाही, जेवलो असेन तर भाजी कशाची होती, हे कळल्याशिवाय बाई बातमीला हात घालायच्या नाहीत. इकडे पान छपाईला सुटायची वेळ झालेली, पलीकडे गवारीची चौकशी.

डेस्क हे माझं नाव नव्हे. आईवडिलांनी मला चांगलं नाव ठेवलंय. पण सुरुवातीची बरीच वर्षं कौसाताईंनी मला पाहिलंच नव्हतं, नुसता आवाज ऐकला होता. आणि न पाहिलेल्या माणसाला नावानं हाक मारणं त्यांना बहुधा पटत नसावं. पुढे पाहिलं, घरी नेऊन जेवायला घातलं, माझ्या लग्नात येऊन वरमाईशी वाद घातला, तरी मी डेस्कच राहिलो. माझ्या बायकोला त्या डेस्कीनबाई म्हणतात. बायकोला राग येतो, मला हसू येतं, आणि मग तिला आणखी राग येतो.

कौसाताई म्हणजे आमच्या दैनिकाच्या राहुरी तालुक्याच्या वार्ताहर. आडनाव इथं लिहीत नाही, कारण त्यांचाच हुकूम आहे. "आडनाव लिव्हलं का निम्मा तालुका माझं नातं सांगत येतो, आन नात्यातली बातमी मग लिव्हायची कशी?" साठीच्या आसपास वय, अंगानं किरकोळ, आवाज मात्र पलीकडच्या बांधावर जाईल असा. पायात पुरुषी चामडी चपला, चष्मा दोऱ्यानं गळ्यात, आणि खांद्याला कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात फुकट मिळालेली पिशवी. पिशवी फाटली की बाई पुढच्या मेळाव्याला जायच्या आणि नवी आणायच्या. मेळाव्याची बातमीही द्यायच्या म्हणा, पण आधी पिशवी.

स्टँडजवळ त्यांचा एसटीडी बूथ होता. अजून आहे, फक्त त्यात एसटीडी नाही. त्या काळी आमचे राहुरीचे वार्ताहर एक गृहस्थ होते, ते याच बूथवरून फॅक्सनं बातम्या पाठवायचे. कागद मशीनमधून जाताना कौसाताई सगळं वाचायच्या. एकदा त्यात कुठल्याशा सभेला 'प्रचंड जनसमुदाय लोटला' असं लिहिलेलं होतं. "त्या सभेला मी सोता हुते," कौसाताई हा किस्सा सांगताना अजून तावातावानं सांगतात. "मी, मंडपवाला, आन भाषन करनारे. चौथं मानूस कुत्रं!" त्यांनी गृहस्थांना तोंडावर विचारलं, तुम्ही गेला होता का? गृहस्थ म्हणाले, जायचं कशाला, सभा म्हटल्यावर जनसमुदाय लोटणारच. पुढे त्या गृहस्थांनी वार्ताहरकी सोडली आणि विम्याचं काम धरलं. जागा रिकामी झाली तेव्हा कौसाताईंनी आमच्या त्या वेळच्या संपादकांना फोन लावला, स्वतःच्याच बूथवरून, आणि म्हणाल्या, बातम्या मी पाठवते, पण जाऊन बघून पाठवीन, उशीर झाला तर बोलायचं नाही.

तिथून त्यांचा तो प्रश्न सुरू झाला. तुम्ही काहीही सांगा. कालव्यात गाडी पडली, अमक्याच्या गायीला तिळं झालं, कारखान्याच्या चिमणीवर कोणी चढलं. कौसाताईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोनी पाह्यलं?" कोण म्हणालं, हे नाही. कोणी पाहिलं. सांगणारा म्हणायचा, अहो सगळीकडे चर्चा आहे. "चर्चा असूं दे. कोनी पाह्यलं?" पाहणारा सापडेपर्यंत त्या एकेका माणसाच्या मागं लागायच्या. सापडला नाही तर काळ्यापिवळ्या जीपच्या पुढच्या सीटवर बसून स्वतः निघायच्या. लोक इतके वैतागायचे की काही जण तर बातमी सांगायचीच सोडून द्यायचे. माझंही डोकं कित्येकदा फिरलंय. सगळ्या पेपरांत आलेली बातमी आमच्याकडे एक दिवस उशिरा आली म्हणून मी त्यांच्यावर ओरडलोय. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आता ती बातमी वाच, आन बाकीच्यांची वाच. मग वरड." बाकीच्यांच्या बातमीत मेलेला माणूस आमच्या बातमीत दवाखान्यात चहा पीत असायचा. मग ओरडायला तोंड राहायचं नाही.

आता कोणाला वाटेल, अशी बाई म्हणजे जुन्या वळणाची, नव्याला नाक मुरडणारी. छे! यंत्रांचा इतका सोस असलेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही. तालुक्यात पहिला फॅक्स त्यांचा, पहिलं रंगीत झेरॉक्स त्यांचं. मोबाईल आले, बूथ ओस पडले, शेजारचे बूथवाले कपाळाला हात लावून बसले, तेव्हा या बाई त्याच पिवळ्या खोक्यात मोबाईलचं रिचार्ज विकायला लागल्या. इंटरनेट आलं तर कॅफे काढला. पुढे व्हॉट्सॲप आलं, व्हिडिओ आले. तिसऱ्या दिवशी बाईंच्या पिशवीत मोबाईल उभा करायची तिकाटणी. मी म्हटलं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत या सगळ्याची?"

"यंत्राला भ्यायचं कशापायी?" त्या म्हणाल्या. "त्ये काय जावई हाय का?"

दसऱ्याला त्यांच्या बूथमध्ये जाऊन बघावं. टेबलावर पांढरा रुमाल, त्यावर ओळीनं सगळी यंत्रं मांडलेली: मेलेला फॅक्स, बिल छापायचं ते टकटक करणारं मशीन, जाडजूड पहिला मोबाईल, हातातला मोबाईल, तिकाटणी. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना झेंडू, सगळ्यांसमोर एकेक आपट्याचं पान. मेलेल्या फॅक्सची पूजा का, असं मी एकदा विचारलं. "त्यानं इमानं काम केलंय माझं," म्हणाल्या. "बंद पडला म्हनून काय दारात टाकू?"

पण कौसाताईंची खरी खोड निराळीच होती. ती ऐकली तर पत्रकारिता शिकवणारे प्राध्यापक कानाला हात लावतील. बातमी लिहून झाली की ती पाठवायच्या आधी, ज्याच्याबद्दल आहे त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. चांगली असो नाहीतर वाईट. सत्काराची बातमी कोणीही वाचून दाखवील. बाई घोटाळ्याची वाचून दाखवायच्या! एका गावच्या सरपंचानं पाण्याची नवी टाकी बांधली ती पहिल्याच भरणीत गळायला लागली. बाई बातमी घेऊन थेट त्याच्या हॉटेलात. भरल्या गिऱ्हाइकांत चष्मा लावला आणि शीर्षकापासून वाचायला सुरुवात. सरपंच लालबुंद. भज्यांच्या कढईवरचा माणूस झारा हातात धरून ऐकतोय. वाचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "चुकलं असंल त्ये आत्ता सांग. उद्या दारात येऊ नको." सरपंच बराच वेळ गुरगुरला आणि शेवटी म्हणाला, टाकी पूर्वेच्या अंगानं गळतीय, तुम्ही पश्चिम लिहिलंय. बाईंनी पश्चिम खोडून पूर्व केलं, चहा प्यायला, आणि बातमी पाठवली. छापून आल्यावर त्या सरपंचाला एक अक्षर खोटं म्हणता आलं नाही. म्हणणार कसं? गावादेखत त्यानंच तपासून दिलं होतं!

मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही असं करता कसं, दबाव येत नाही? त्या म्हणाल्या, "तू नगरला बसतो. तुझी बातमी वाचून कोनी तुझ्या दारात येत न्हाई. मला सकाळी दूध घालायला त्याच मानसाच्या घरावरनं जायचंय. उद्या त्यो मला धुंडनार, त्यापरास मीच आदल्या दिशी जाते."

अशा बाईंच्या कामावर अलीकडे गदा आली. झालं असं की आमच्याकडे पुण्याहून नवे साहेब आले, डिजिटलचे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. तरुण, हुशार, स्वच्छ शर्टाचा. त्यांनी बातम्या लिहिणारं यंत्र आणलं. गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे येईल ते त्यात टाकायचं, चहाचा कप खाली ठेवेपर्यंत बातमी तयार. शीर्षकासकट. डेस्कवर आम्ही आ वासून बघत बसलो. मग साहेबांनी पडद्यावर तालुक्यांची यादी दाखवली. आता तालुक्याला वार्ताहर कशाला, असा हिशेब होता. गळीत हंगाम संपला की काही तालुके बंद. त्यात राहुरी पहिली.

मला म्हणाले, त्यांना मेल टाका. मी टाकला नाही. फोन केला. जेवलो नव्हतो, तरी जेवलो म्हणालो, भाजी मेथीची सांगितली, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. या बाईंच्या आयुष्यात दुसरं काय होतं? मालक कधीच गेलेले, लेकी आपापल्या घरी. तालुका हाच संसार. मला वाटलं आता रडतात की काय.

"बरं," त्या म्हणाल्या. "मला त्या यंत्राला भेटायचंय."

आणि दुसऱ्याच आठवड्यात एसटीनं आल्या. हुरड्याचे दिवस होते, पिशवीभर कोवळा हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. पहिली मूठ साहेबांच्या हातावर. साहेबांना नाही म्हणता आलं नाही. मग यंत्रासमोर खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावला आणि मला म्हणाल्या, "त्याला म्हनाव, राहुरी तालुक्यात बिबट्या दिसल्याची बातमी लिव्ह."

मी टाइप केलं. पडद्यावर सरसर बातमी उमटली. उसाचं शिवार, दबा धरून बसलेला बिबट्या, भयभीत ग्रामस्थ, पिंजऱ्याची मागणी. झकास. कौसाताईंनी ती मोठ्यानं वाचली, दोनतीन ठिकाणी मान डोलावली. "शुद्धलेखन लई चांगलं हाय. माझ्यापरास," म्हणाल्या. "आता इचार, कोनी पाह्यला?"

यंत्रानं लिहिलं, प्रत्यक्षदर्शी शेतकऱ्यानं पाहिला.

"नाव काय त्याचं?"

यंत्रानं नावही दिलं! नाव, वय, आणि त्या बिचाऱ्याचं तीन ओळींचं मनोगत. कौसाताई खो-खो हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "अरं, असा मानूसच न्हाई तालुक्यात! आन बिबट्या तरी कुठं हाय? मी आत्ता मनानं बोलले त्यो!" मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, पोरगं गुनाचं हाय. नुसतं गावात गेलेलं न्हाई. ठेवा ह्याला. पन ह्याच्या भरवशावर मला काढू नका."

साहेब हसले, पण यादी बदलली नाही. जाताना बाई यंत्राची सगळी खुबी माझ्याकडून शिकून गेल्या. पुढे त्या राहुरीहून मोबाईलवर बातमी बोलायच्या आणि यंत्र ती छापील मराठीत उतरवून द्यायचं. त्यांना भारी कौतुक. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. "डेस्क, म्हातारी म्हनली, मेल्यांनो, नळाला पानी सोडा. ह्यानं लिव्हलंय, 'वृद्धेने प्रशासनाबाबत तीव्र नाराजी व्यक्त केली.' नाराजी कवा व्यक्त केली तिनं? मेल्यांनो म्हनली ती! तेच छाप." मी तेच छापायचो.

हंगाम सुरूच होता, आणि घडायचं ते घडलं. कॅनॉलकडेच्या एका वस्तीचा फोटो ग्रुपवर फिरला. घराच्या ओट्यावर, तुळशीशेजारी, भला मोठा बिबट्या निवांत बसलेला. यंत्रानं उचलला, बातमी केली, आणि आमच्या नावानिशी मोबाईलवर झळकली: 'वस्तीवर बिबट्याचा ठिय्या.' डेस्कवर त्या वेळी मीच होतो. बघता बघता ती हजारो मोबाईलवर गेली. वस्तीवरच्या लोकांनी पोरं शाळेत धाडली नाहीत. उसाला पाणी द्यायला गडी जाईनात.

कौसाताई जीप करून गेल्या. ओट्यावर घरातली माणसं शेंगा फोडत बसलेली. "हाच ओटा हाय व्हय?" व्हय. "मग बिबट्या?" घरची सून म्हणाली, "आमी सकाळपासनं हितंच बसलोय बाई. आमाला तर मोबाईलवरच दिसला." बाईंनी फोटो नीट बघितला. ओट्याला टेकून मोटरसायकल उभी होती. म्हातारा म्हणाला, "ही गाडी दिवाळीतच इकली." जुन्या फोटोत कोणीतरी मोबाईलवर बिबट्या आणून बसवला होता. गंमत म्हणून.

मला फोन आला. त्या दिवशी जेवण विचारलं नाही. "डेस्क, तू छापलंस त्ये कोनी पाह्यलं?"

आम्ही दुरुस्ती छापली. व्हायचं ते होऊन गेलं. राहुरीत कोणी थाप मारली की लोक म्हणायला लागले, पेपरातला बिबट्या हाय त्यो. आमच्या पेपरची इतकी शोभा कधी झाली नव्हती. साहेबांनी फर्मान काढलं, इथून पुढं बिबट्याचा फोटो आणि वनखात्याचा कागद, दोन्ही असल्याशिवाय एक ओळ जाणार नाही.

मग खरा बिबट्या आला.

त्याच कॅनॉलच्या खालच्या अंगाला ऊसतोड चालू होती. टोळी पाथर्डीकडची. त्यातल्या रुक्मिण नावाच्या बाईनं बांधावरच्या बाभळीला झोळी बांधली होती, झोळीत तिचा तान्हा मुलगा. दुपारी ती त्याला पाजायला आली तर समोरच्या सरीत बिबट्या उभा. झोळीकडे बघत. तिनं आरडाओरडा केला, तो उसात शिरला. टोळी धावली, पण तोवर काही दिसेना. मुकादम हसला. "पेपरातला बिबट्या बघितला हिनं." उरलेला ऊस उद्या सकाळी तोडायचा ठरलेला होता, कारखान्याची गाडी येऊन थांबणार होती, तोड काही थांबणार नाही म्हणाला. लेकरू कोपीवर, टोळीच्या झोपडीत, ठेवावं तर सांभाळायला कोणी नाही. सगळी तोडीला.

ऊसतोडीची माणसं रिचार्जला कौसाताईंच्या बूथवरच येतात. रुक्मिण संध्याकाळच्या आधीच आली. रिचार्ज बाजूला राहिलं, ती सांगत सुटली. कौसाताईंनी सवयीनं विचारलं, "कोनी पाह्यलं?"

"म्या," ती म्हणाली. "म्या सोता बघितलं, ताई. माझ्याकडं कुनी बघंना."

कौसाताईंनी बूथचं शटर ओढलं. उन्हं उतरायच्या आत दोघी बांधावर. पाटाच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले. पंजाचं माप कळावं म्हणून बाईंनी आपली चप्पल काढून शेजारी ठेवली. मग काठीनं वाळल्या पाल्याचं पाचट हलवत उसाच्या कडेनं चार पावलं आत गेल्या आणि जागच्या जागी थिजल्या. पाचटात दोन पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेली. म्हणजे आई तिथंच कुठंतरी. "त्या वेळेला मला घाम फुटला," त्या नंतर मला म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?" तशाच मागं मागं सरकत बाहेर आल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा वनखात्याच्या माणसाला फोन लावला. मग जे केलं ते कौसाताईच करू जाणोत. कोपीसमोर टोळी जमवली, मोबाईलमध्ये बातमी बोलल्या, आणि तिथंच उभं राहून मुकादमाला ती मोठ्यानं वाचून दाखवली. उसात मादी आहे, दोन पिल्लं आहेत, ती मी पाहिली. ऊसतोड मजूर रुक्मिण हिनं मादी पाहिली. झोळीत तिचं लेकरू होतं. मुकादमानं उद्याची तोड थांबवायला नकार दिला.

मुकादम खाली मान घालून ऐकत होता. "शेवटचं त्ये लिव्हू नका, ताई," म्हणाला.

"का? खोटं हाय का?"

"खोटं न्हाई."

"मग तसंच जाईल."

बायका मुकादमाकडे बघायला लागल्या. मुकादमानं डोक्याची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि म्हणाला, "थांबिवली तोड. आता लिव्हा."

"तुझ्या तोंडानं टोळीला सांग," बाई म्हणाल्या. त्यानं सांगितलं. बाईंनी शेवटची ओळ खोडली आणि नवी बोलली. अहो, छापायच्या आधीच बातमीनं काम केलं होतं! मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

मग माझ्याकडे व्हिडिओ आला. त्यात बिबट्या नाही. पिल्लं नाहीत. चिखलात एक पंजा, शेजारी एक चामडी चप्पल, आणि एका पायात चप्पल घातलेल्या कौसाताई. "मी राहुरीची कौसा बोलते. पिल्लं मी दाखवनार न्हाई. दाखवली तर निम्मा तालुका बघायला येईल आन ती आई चवताळंल. पन हायेत. मी पाह्यली. कॅनॉलखालच्या शेतांत कोनी जाऊ नका, लेकरं बांधावर ठेवू नका."

साहेब म्हणाले, यात बिबट्याच दिसत नाही, चालणार कसं? आणि वनखात्याचा कागद? मी म्हटलं, साहेब, मागच्या वेळी आपल्याकडे बिबट्या अगदी स्वच्छ दिसत होता. खोटं ठरलं तर बाईंबरोबर मलाही घरी बसावं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी साहेब म्हणाले, टाका.

टाकला. आमच्या पेपरवरचा विश्वास त्या आठवड्यात कवडीचा उरला नव्हता, तरी कॅनॉलकाठची एक बाई बांधावर गेली नाही, एक झोळी झाडाला लागली नाही. पेपरावर नव्हता विश्वास, चपलेवर होता! वनखात्याची माणसं आली, त्यांनी शहानिशा केली, पिल्लं टोपलीत घालून त्याच जागी ठेवली. सकाळी टोपली रिकामी होती. आई घेऊन गेली होती.

पुढच्या बैठकीला साहेबांनी स्वतःच यादी काढली आणि राहुरीवर काट मारलेली होती ती पुसली. बाकीचे दोन तालुके बंद झालेच, ते मला अजून लागतं. पण साहेबांनी आणखी एक केलं. यंत्रात एक चौकट टाकली, प्रत्येक बातमीखाली: कोणी पाहिलं? तिथं जिवंत माणसाचं नाव घातल्याशिवाय बातमी पुढं सरकत नाही, आणि ते नाव यंत्राला घालता येत नाही. बंद झालेल्या तालुक्यांतून बातम्या येईनाशा झाल्यात, कारण चौकट भरायला माणूस नाही. साहेब आता तिथं माणसं शोधतायत. मिळतील. मला कॉलेजात बोलावतात, मुलं काळजीनं विचारतात, सर, पुढं पत्रकारितेचं काय होणार? मी म्हणतो, यंत्र राहील आणि कौसाताईही राहतील. तुम्ही चपला मजबूत घ्या.

हे सगळं मी पावसाळ्यात लिहून काढलं, आणि त्यांचाच नियम म्हणून राहुरीला जाऊन त्यांना वाचून दाखवलं. बूथमध्ये, मेलेल्या फॅक्सशेजारी बसून. जावयाच्या वाक्याला हसल्या. घाम फुटल्याचं ठेव म्हणाल्या. झोळीचा भाग आला तसा त्यांनी हात वर केला.

"थांब. मुलगा लिव्हलंस?"

"हो."

"कोनी पाह्यला?"

मी त्या बांधावर गेलोच नव्हतो. झोळी म्हटल्यावर मी आपला मुलगा घालून टाकला होता, त्या यंत्रानं शेतकरी घातला तसा. खोडायला पेन काढलं तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "मी सांगते म्हनून खोडू नको. तीच टोळी दिवाळी झाल्यावर येनार हाय. ये, सोता बघ, मग छाप." म्हणून लिहिलेलं हे सगळं टेबलाच्या खणात पडून राहिलं. वरची ती ओळही मी तशीच ठेवली आहे, चुकीची.

दिवाळी झाल्यावर गेलो. जीपच्या पुढच्या सीटवर त्या, मागं मी. कॅनॉलकडेला कोप्या पडलेल्या. रुक्मिण तोडीवरून नुकतीच आली होती. कौसाताई खाली उतरल्या, पिशवीतून काहीतरी काढलं आणि हाक मारली. कोपीतून एक लेकरू डुगडुगत बाहेर आलं, थेट त्यांच्या पायाशी, आणि वाकून त्यांच्या चपलेचा पट्टा ओढायला लागलं. कानात काळ्या दोऱ्याचे डूल, अंगात आईच्या जुन्या लुगड्याचा झबला. कौसाताई मागं वळल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

मुलगी आहे. नाव कोमल. मी पाहिली.